वृद्धांच्या स्वास्थ्याची पाहणी : काय मोजावे, कसे विचारावे?

प्रास्ताविक

आयुर्वेदाच्या आठ अंगांत जराचिकित्सेला स्वतंत्र स्थान आहे, ही गोष्ट आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. तो अभिमान सार्थही आहे. वार्धक्य ही स्वतंत्रपणे विचार करण्याची अवस्था आहे, हे आपल्या आचार्यांनी फार पूर्वी ओळखले होते. तथापि आपल्या गावातील, आपल्या पेठेतील वृद्धांची आजची स्थिती नेमकी कशी आहे, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी किती जणांना आधारासह उत्तर देता येईल? आपल्या चिकित्सालयाची नोंदवही उघडली तर संधिवात, मलावष्टंभ, निद्रानाश, प्रमेह, श्वास अशी व्याधींची यादी सापडेल. परंतु तो वृद्ध स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊ शकतो का, त्याला दोन वेळचे जेवण जाते का, त्याच्याशी दिवसभरात कोणी बोलते का, या प्रश्नांची उत्तरे त्या वहीत बहुधा नसतात.

हा विषय आता लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील व्यक्ती १० कोटींहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. शासकीय लोकसंख्या-अनुमानानुसार २०२१ मध्ये देशातील वृद्धांची संख्या सुमारे १३.८ कोटी मानली गेली, तर २०३१ मध्ये ती १९ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. यांतील फार मोठा वर्ग आपल्याच चिकित्सालयाच्या आणि औषधालयाच्या पायऱ्या चढणार आहे. काही जण तर त्या पायऱ्या चढू शकणार नाहीत. त्यांचाही विचार आपल्यालाच करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखात वृद्धांच्या स्वास्थ्याची शास्त्रशुद्ध पाहणी कशी केली जाते, तिच्यातून काय निष्पन्न झाले आणि त्यातील कोणता भाग वैद्याला आपल्या दैनंदिन व्यवहारात आणता येईल, याचा ऊहापोह करण्याचे योजिले आहे.

नोंदवही म्हणजे पाहणी नव्हे

चिकित्सालयात येणारे वृद्ध आणि गावातील वृद्ध हे दोन भिन्न समुदाय आहेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे येतो तो चालू शकणारा, वा ज्याला आणणारे कोणी आहे असा, आणि औषधाचा खर्च करू शकणारा रुग्ण. अंथरुणाला खिळलेली, एकटी राहणारी, ऐकू येत नसल्याने बाहेर पडणे सोडलेली किंवा 'आता या वयात कशाला औषध' असे ठरवून बसलेली व्यक्ती आपल्या नोंदवहीत येतच नाही. त्यामुळे नोंदवहीवरून 'आमच्या भागात वृद्धांना अमुक त्रास अधिक' असे विधान करणे धाडसाचे ठरते.

पाहणीत याच्या उलट पद्धत असते. येथे कोण येते याची वाट न पाहता ठरावीक नियमाने घरे निवडली जातात आणि प्रशिक्षित व्यक्ती त्या घरी जाते. सर्वांना तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारले जातात. उत्तर सोयीचे असो वा नसो, जसे दिले तसे लिहिले जाते.

अशा पाहण्यांत महाराष्ट्राचा सहभाग जुना आहे. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सेज' या अभ्यासाची भारतातील पहिली फेरी २००७-०८ मध्ये केली. तिच्यातील सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पन्नाशीपुढील ग्रामीण स्त्री-पुरुषांचा याच धर्तीवर अभ्यास केला. वय, लिंग, शिक्षण आणि आर्थिक स्थिती यांनुसार स्वास्थ्याची पातळी कशी बदलत जाते, हे त्यातून पुढे आले. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या पुढाकाराने सात राज्यांत वृद्धांची पाहणी झाली. त्यांतही महाराष्ट्राचा समावेश होता.

या सर्वांत व्यापक ठरली ती 'लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया', संक्षेपाने 'लासी'. देवनारच्या याच संस्थेने हार्वर्ड व दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये तिची पहिली फेरी केली आणि जानेवारी २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची तीत नोंद झाली. त्यांपैकी ३१,४६४ जण साठीपुढील होते. केवळ प्रश्न विचारून कार्यकर्ते परतले नाहीत. रक्तदाब, उंची, वजन, कंबरेचा घेर, हाताच्या पकडीचे बळ, चालण्याची गती, तोल, दृष्टी, फुप्फुसांची क्षमता यांचे प्रत्यक्ष मापन झाले आणि रक्ताचे थेंबही तपासणीसाठी घेतले गेले. 'लाँजिट्यूडिनल' या शब्दाचा अर्थ असा की, त्याच व्यक्तींकडे काही वर्षांनी पुन्हा पुन्हा जावयाचे. अमेरिकेत १९९२ पासून व इंग्लंडमध्ये २००२ पासून असे अभ्यास सुरू आहेत.

सांगितलेला आजार आणि आढळलेला आजार

लासीचा अहवाल प्रसिद्ध होताना सांगण्यात आले की, देशातील सुमारे ७५ टक्के वृद्धांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार आहे, ४० टक्क्यांना काही ना काही अपंगत्व आहे आणि २० टक्क्यांना मानसिक स्वास्थ्याशी निगडित तक्रारी आहेत. हे आकडे वृत्तपत्रांतून गाजले. वैद्याच्या दृष्टीने मात्र त्याच अहवालातील दुसरी एक गोष्ट अधिक विचारात घेण्यासारखी आहे.

'आपल्याला नैराश्याचा आजार असल्याचे कोणी वैद्यकीय व्यावसायिकाने सांगितले आहे काय?' असे विचारले असता साठीपुढील सुमारे ०.८ टक्के व्यक्तींनीच होय म्हटले. त्याच व्यक्तींना लक्षणांचे ठरावीक प्रश्न विचारून पाहिले असता तीव्र नैराश्याची शक्यता सुमारे ८.३ टक्क्यांत आढळली. हे प्रमाण जवळजवळ दहापट झाले. रक्तदाबाचीही तीच कथा आहे. पंचेचाळीशीपुढील सुमारे ४६ टक्के व्यक्तींत उच्च रक्तदाब आढळला, परंतु त्यांपैकी साधारण ५६ टक्क्यांनाच त्याचे निदान पूर्वी झालेले होते आणि रक्तदाब नियंत्रणात असलेले तर तिघांत एकच होते. लासीच्याच पुढील उपअभ्यासात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण साठीपुढील व्यक्तींत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे अनुमान २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. यांतील किती जणांच्या घरी 'वय झाले, विसरायचेच' एवढ्यावर विषय संपला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील लेखात हाच मुद्दा निराळ्या अंगाने मांडला होता. देशात आयुर्मान सर्वाधिक असलेल्या केरळात 'मी आजारी आहे' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत अधिक, तर आयुर्मान कमी असलेल्या बिहारात ते कमी. अमेरिकेत तर ते केरळाहूनही अधिक. याचा अर्थ केरळातील माणूस बिहारमधील माणसाहून अधिक रोगी असा नव्हे. शिक्षण आणि वैद्यकीय सेवा जेथे पोहोचली तेथे माणूस आपला त्रास ओळखतो व बोलून दाखवतो. जेथे ती पोहोचली नाही तेथे तो त्रासालाच स्वाभाविक मानतो.

हा सिद्धान्त आपल्या दारात तंतोतंत लागू पडतो. 'कसे आहात?' या प्रश्नाला आपल्याकडील वृद्धाचे उत्तर ठरलेले असते : 'बरंय, चाललंय.' हे उत्तर प्रकृतीचे नसून शिष्टाचाराचे असते. सुश्रुताचार्यांनी जरेची गणना क्षुधा, तृष्णा, निद्रा व मृत्यू यांच्यासमवेत स्वाभाविक व्याधींत केली असली, तरी तेथेच योग्य काळी येणारी आणि अकाली येणारी जरा असा भेदही केला आहे. रुग्णाने 'वयामुळे' असे म्हणावे आणि वैद्यानेही मान डोलवावी, हे त्या भेदाला धरून नाही. काय वयाचे आणि काय व्याधीचे, हे ठरविण्यासाठीच परीक्षा आहे.

दशविध परीक्षा आणि आजची मोजमापे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात वार्धक्यातील स्वास्थ्याची कल्पना बदलली. व्याधी किती आहेत यापेक्षा व्यक्ती काय करू शकते, यावर भर दिला. त्याला अनुसरून तयार झालेल्या मार्गदर्शिकेत बुद्धी-स्मृती, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती अशा सहा अंगांची चाळणी सुचविली आहे. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी निरामय वार्धक्याचे दशक म्हणून घोषित केले आहे.

आयुर्वेदाच्या अभ्यासकाला ही दिशा अपरिचित वाटू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय अशी दशविध परीक्षा वर्णिली आहे. त्यांपैकी विकृती हे केवळ एक पद आहे. उरलेली नऊ पदे रोगाची नसून रोग्याची आहेत. आहारशक्ती पाहताना खाण्याची क्षमता आणि पचविण्याची क्षमता अशा दोन्ही पाहावयाच्या आहेत. व्यायामशक्ती ही प्रत्यक्ष कर्म करण्याच्या सामर्थ्यावरून ठरवावयाची आहे. शार्ङ्गधराने तर दर दशकात कोणता गुण ऱ्हास पावतो याचा क्रमच दिला आहे. त्यात दृष्टी, विक्रम, बुद्धी, कर्मेंद्रिये ही सारी येतात.

प्राचीन पद आणि अर्वाचीन मोजमाप यांचे तंतोतंत समीकरण मांडण्याचा हा प्रयत्न नाही. खुर्चीवरून उठण्यास लागणारे सेकंद म्हणजे व्यायामशक्ती नव्हे. ते तिचे एक लहानसे, पण पुनःपुन्हा मोजता येणारे चिन्ह आहे. आपली परीक्षा व्यापक आहे, परंतु 'प्रवर, मध्यम, अवर' एवढ्याच नोंदीवरून गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या स्थितीतील फरक दाखवता येत नाही. संख्येने तो दाखवता येतो. एकाच रुग्णाच्या दोन नोंदी दोन भिन्न वैद्यांनी केल्या असल्या तरी तुलना शक्य होते.

या परीक्षेचा हेतू आचार्यांनी स्पष्ट सांगितला आहे. रुग्णाचे बल न जाणता तीव्र औषध दिले तर ते दुर्बलाला घातक ठरू शकते. वृद्धास विरेचन द्यावे की नाही, स्नेहाची मात्रा किती, बस्तीचा क्रम कोणता, हे सारे बलावर अवलंबून आहे. म्हणजे वृद्धाच्या बलाची नोंद हा चिकित्सेचाच पाया आहे.

प्रश्न कसा विचारावा?

पाहणीच्या शास्त्रात प्रश्नाला मोजपट्टीइतकेच महत्त्व आहे. येथे चार गोष्टी विशेषत्वाने सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट वयाची. अनेक वृद्धांना, विशेषतः ग्रामीण स्त्रियांना, आपली जन्मतारीख ठाऊक नसते. त्यामुळे वयाच्या नोंदी साठ, पासष्ट, सत्तर अशा पूर्ण आकड्यांवर गोळा होतात. अशा वेळी घटनांचा आधार घ्यावा. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा. 'पानशेतच्या पुराच्या वेळी शाळेत जात होता का?', 'बहात्तरच्या दुष्काळात लग्न झाले होते का, पदरी मूल होते का?' अशा प्रश्नांतून वय दोन-तीन वर्षांच्या अंतराने निश्चित होते. शिवाय वृद्ध व्यक्ती मोकळी होते आणि तिच्या स्मृतीचीही सहज कल्पना येते.

दुसरी गोष्ट भाषेची. 'आपल्याला नैराश्य आहे का?' असे विचारल्यास नकारच येणार. आपल्या माणसांची भाषा निराळी आहे. 'करमत नाही', 'जीव रमत नाही', 'मन लागत नाही', 'जेवण गोड लागत नाही', 'कशातच राम वाटत नाही' हे शब्द त्या अवस्थेचे आहेत. स्मृतीच्या परीक्षेतही हाच विवेक हवा. १९७५ मध्ये पाश्चात्त्य देशांत तयार झालेली प्रचलित चाचणी वाचता-लिहिता येणे गृहीत धरते. हरियाणातील बल्लभगढ येथील ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये तिचे हिंदी रूप प्रसिद्ध झाले. वाक्य वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षकाची कृती पाहून तशी करावयाची, असे बदल त्यात केले गेले. निरक्षर आजींना इंग्रजी तारीख सांगता आली नाही म्हणून स्मृती गेली असे नव्हे. एकादशी कधी झाली, पुढचा सण कोणता, हे त्या अचूक सांगतील.

तिसरी गोष्ट उत्तर कोण देतो याची. चिकित्सालयात मुलगा वा सून सोबत असते आणि प्रश्न वृद्धाला विचारला तरी उत्तर सोबतच्या व्यक्तीकडून येते. पाहणीच्या नियमांत अन्य व्यक्तीने दिलेले उत्तर वेगळे नोंदविले जाते. तोच नियम आपण पाळावा. सोबतच्या व्यक्तीचे म्हणणे अवश्य ऐकावे, विशेषतः विस्मृतीच्या बाबतीत ते अत्यावश्यक असते. परंतु पाच मिनिटे वृद्धाशी एकट्याने बोलावे. नाडीपरीक्षेचे निमित्त त्यासाठी पुरेसे होते.

चौथी गोष्ट, प्रश्न नेमका असावा. 'चालता येते का?' याला उत्तर 'येते' हेच. 'गेल्या आठवड्यात देवळापर्यंत किती वेळा गेलात?' याला जे उत्तर येईल ते उपयोगी. 'पडलात का कधी?' यापेक्षा 'दिवाळीपासून आजपर्यंत किती वेळा तोल गेला?' हे अधिक फलदायी. काळाची सीमा सणाने बांधून दिली की आठवण नेमकी होते.

नेमका प्रश्न कोठवर नेतो याचे एक उदाहरण व्यवसायातील आहे. सत्तरीच्या पुढील एक आजी मलावष्टंभासाठी येत. अग्नी मंद, जिव्हा साम, वजन कमी होत चाललेले. दिवसभराचा आहार विचारताना रात्री जेवत नसल्याचे कळले. 'रात्री किती वेळा उठावे लागते?' असे विचारल्यावर त्या हळूच म्हणाल्या, 'उठावं लागू नये म्हणूनच खात-पीत नाही, डॉक्टर. अंगणातून जावं लागतं. मागं एकदा घसरले होते. पुन्हा पडले तर करायचं कुणी?' दुपारनंतर पाणीही बंद होते. येथे चूर्णाची मात्रा वाढवून काय साधले असते? मुलाला बोलावून रात्री अंगणात दिवा, भिंतीला धरायला लाकडी दांडा आणि खोलीत भांड्याची सोय एवढे करविले. त्यानंतर अनुलोमनासाठी साधी योजना पुरेशी झाली. रोगाचे निदान कोष्ठात होते, पण हेतू अंगणातल्या अंधारात होता.

चिकित्सालयात करता येण्याजोगी लहान पाहणी

पुढील क्रम साधारण पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण होतो. घड्याळ, वजनकाटा, रक्तदाबमापक आणि हात नसलेली सरळ पाठीची खुर्ची यांखेरीज साधन लागत नाही.

१) स्वावलंबन : स्नान, वस्त्र नेसणे, शौच, अंथरुणावरून उठणे, मलमूत्रावर ताबा, भोजन या सहा क्रिया स्वतः होतात का? हा सहा क्रियांचा निर्देशांक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अद्याप सर्वत्र वापरात आहे. सोबत बाजारहाट, पैशांचा हिशेब, औषधे स्वतः घेणे, दूरध्वनी वापरणे यांची चौकशी करावी.

२) हालचाल : दोन्ही हात छातीवर ठेवून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसावयास सांगावे. १४ सेकंदांहून अधिक लागल्यास पुढील तपासणी आवश्यक मानावी. खुर्ची भिंतीला टेकवावी व शेजारी माणूस उभा ठेवावा. नुकताच अस्थिभंग वा शस्त्रकर्म झालेल्यांना ही परीक्षा करू नये.

३) पोषण : गेल्या तीन महिन्यांत प्रयत्नाविना तीन किलोंहून अधिक वजन घटले का? भूक मंदावली का? दात वा कवळी यांची अडचण आहे का?

४) स्मृती : फूल, दार, तांदूळ असे तीन शब्द सांगून काही वेळाने पुन्हा विचारावेत. आज कोणता दिवस, आपण कोठे आहोत, हेही विचारावे.

५) दृष्टी व श्रवण : जवळचे व दूरचे दिसण्यात अडचण आहे का? एक कान झाकून, रुग्णाच्या मागे हातभर अंतरावरून कुजबुजलेले शब्द दुसऱ्या कानाने ऐकू येतात का? बहिरेपणाच्या मुळाशी पुष्कळदा केवळ साचलेला कर्णमल असतो, तो आधी पाहावा.

६) मन : गेल्या दोन आठवड्यांत उदास वा निराश वाटले का? नेहमीच्या गोष्टींतला रस गेला का? दोन्हींपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असल्यास सविस्तर चौकशी करावी. जगण्याचा कंटाळा वा आत्मघाताचा विचार बोलण्यात आल्यास विलंब न करता मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे आणि घरच्यांना सावध करावे.

७) रक्तदाब : पाच मिनिटे स्वस्थ बसवून घ्यावा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्यावा. वरचा दाब २० वा खालचा १० अंकांनी उतरत असेल तर घेरी येऊन पडण्याचा धोका आहे असे समजावे.

८) सोबत : घरात कोण आहे, दिवसा कोण असते, काल कोणाशी बोललात?

ही नोंद एकदा करून थांबू नये. दर सहा महिन्यांनी ती पुन्हा करावी. येथे आपल्या शास्त्राचा एक विशेष उपयोगी पडतो. आदान व विसर्ग काळांनुसार बल बदलते, हेमंतात ते उत्तम असते व ग्रीष्मात क्षीण होते. म्हणून हेमंतातील मोजमापाची तुलना पुढील हेमंताशी आणि ग्रीष्मातील मोजमापाची पुढील ग्रीष्माशी करावी. ऋतूचा परिणाम आणि औषधाचा परिणाम यांची गल्लत त्यामुळे टळते.

औषधविक्रेत्यांचे स्थान

औषधालयाच्या मालकांना वाटेल की, या विषयात आपला संबंध काय? वस्तुतः पुष्कळ वृद्धांची वैद्याशी भेट वर्षातून एखाददुसरी आणि औषधालयाशी मात्र दरमहा होते. काही घरांत वृद्ध स्वतः कधीच येत नाहीत, नातू चिठ्ठी घेऊन येतो. ज्यांच्यापर्यंत आपली पाहणी पोहोचत नाही, त्यांची पहिली खबर औषधालयाच्या फळीवरच मिळू शकते.

नेहमी स्वतः येणारे काका दोन महिने आले नाहीत, रेचक चूर्णाची मागणी अचानक दुप्पट झाली, महिन्याची औषधे वीस दिवसांत संपली वा दीड महिना पुरली, वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीविना वारंवार नेल्या जात आहेत, यांतील प्रत्येक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वृद्धाने सर्व औषधे, मग ती कोणत्याही पद्धतीची असोत, एका पिशवीत घालून दर सहा महिन्यांनी आणावीत, अशी सवय लावल्यास पुष्कळ अनर्थ टळतील.

'आयुर्वेदिक आहे, त्याने अपाय होत नाही' हे वाक्य वृद्धांच्या बाबतीत जबाबदारीने टाळले पाहिजे. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे वा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यास ते धोक्याचे आहे. लवणभास्कर चूर्णातील लवण उच्च रक्तदाबाच्या रुग्णास विचारपूर्वकच द्यावे. आसव-अरिष्टांत स्वयंजात मद्यांश असतो व गोडवाही असतो. अवलेहांतील शर्करा प्रमेही रुग्णास नोंदवून सांगावी. इसबगोल भरपूर पाण्यासह आणि अन्य औषधांपासून अंतर ठेवून घ्यावयाचा असतो. ज्या आजी दुपारनंतर पाणीच पीत नाहीत त्यांना तो रात्री देणे कितपत योग्य, याचा विचार फळीमागे उभ्या असलेल्या माणसानेही करावा.

काही सावधगिरीच्या सूचना

ही पाहणी म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे. तीन शब्द आठवले नाहीत म्हणून कोणावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये. कमी ऐकू येणे, अपुरी झोप, नवे औषध, थायरॉईड वा ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता यांमुळेही स्मृती मंदावते. संशय आल्यास योग्य तज्ज्ञांकडे पाठवावे व रुग्ण परत आल्यावर त्यांचे मत नोंदवावे. रुग्णाला पाठविणे हा वैद्याचा कमीपणा नाही.

पाहणीपूर्वी वृद्धाची संमती घ्यावी आणि त्याने एकांतात सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीविना मुलाबाळांपुढे उघड करू नये. घरातील दुर्लक्ष वा छळाची सूचना मिळाल्यास आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ चा कायदा आहे, याची माहिती वैद्यास असावी. त्याचप्रमाणे सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून उपलब्ध झाले आहे. ते कार्ड काढले आहे का, एवढे विचारणेही त्या वृद्धाच्या उपयोगाचे ठरेल.

आणखी एक. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर आपण काहीच करणार नाही, तो प्रश्न विचारू नये. वृद्ध माणूस मन मोकळे करतो तेव्हा त्याची अपेक्षा जागी होते. औषधाने दूर होणारे दुःख नसेल तर निदान कोणाला बोलावून आणता येईल, कोणती सोय करविता येईल, हे पाहणे आपल्या हाती असते.

उपसंहार

मोठ्या पाहण्या देशाचे चित्र दाखवतात, तर आपल्या गल्लीतील आजोबांचे चित्र आपल्यालाच काढावे लागेल. आपल्या संघटनेच्या प्रत्येक सभासदाने आपल्याकडील केवळ वीस वृद्ध निवडावेत. त्यांपैकी किमान पाच असे असावेत की जे चिकित्सालयात येऊ शकत नाहीत, ज्यांच्या घरी आपणच जाऊ. वरील आठ अंगांची नोंद येत्या हेमंतात करावी व पुढील हेमंतात पुन्हा करावी. सर्वांनी एकच नमुना आणि एकच पद्धत वापरली तर व्यक्तीची ओळख गुप्त ठेवून त्या नोंदी शाखेच्या बैठकीत एकत्र मांडता येतील. रसायनचिकित्सेने बल टिकते असे आपण म्हणतो. ते सप्रमाण दाखविण्याचा मार्गही याच नोंदींतून निघेल, आणि जेथे ते टिकत नाही तेथे आपण काय बदलावे हेही कळेल.

सुश्रुताचार्यांनी स्वस्थाचे वर्णन करताना दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्यासह आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही सांगितली आहे. पहिल्या भागाची विचारपूस आपण रोज करतो. दुसऱ्या भागाची विचारपूस करण्यासाठी फक्त पंधरा मिनिटे, एक खुर्ची आणि 'चाललंय' या उत्तरावर न थांबण्याचा निश्चय पुरेसा आहे.